दुखवट्यातली मोटरसायकल

माझी भावजय सालकिन एक्कावन्नाव्या वर्षी मोटरसायकल चालवायला शिकली, आणि तीही नवऱ्याच्या दुखवट्यात, त्याच्याच गाडीवर. आमच्या कोक-झार गावात आज कुणालाही विचारा, ही हकिकत तो रंगवून सांगेल. पण सांगणाऱ्यांपैकी एकही जण तिथे नव्हता. मी होते. मी पाळण्यात बसले होते.

पाळणा म्हणजे गाडीच्या उजव्या अंगाला जोडलेला एका चाकाचा लोखंडी डबा. आमच्याकडे त्याला पाळणाच म्हणतात. माझा धाकटा भाऊ एशिम गुरांचा डॉक्टर होता. त्याच्या पाळण्यात कधी औषधांची पेटी असायची, कधी आजारी मेंढी, कधी सालकिन. सव्वीस वर्षांच्या संसारात ती चुलीपुढे जितकी बसली नसेल तितकी त्या पाळण्यात बसली असेल. गाडी जुनी, सोव्हिएत काळातली. मूळचा हिरवा रंग उडून उडून ती शेवाळलेल्या दगडासारखी दिसायची.

एशिम गेला सप्टेंबरात, बटाटे काढायच्या दिवसांत. दुपारी बांधावर जरा टेकला तो उठलाच नाही. पंचावन्न वर्षांचा होता.

आमच्यात माणूस गेला की त्याचा घोडाही दुखवट्यात जातो. त्याची शेपटी कापतात. वर्षभर त्याच्या पाठीवर कुणी बसत नाही, तो मोकळा चरतो, आणि वर्षाच्या जेवणाला त्यालाच कापून गावाला वाढतात. वर्ष पुरं व्हायच्या आत कुणी त्याच्यावर बसलंच, तर तो घोडा मेलेल्याचा राहत नाही, बसणाऱ्याचा होतो. आणि बसणाऱ्याची जी छी-थू होते ती नातवंडांपर्यंत पुरते. एशिमकडे घोडा नव्हता. घरात दुधाची एक घोडी होती, पण ती आईची. "ही गाडीच त्याचा घोडा," असं माझा थोरला भाऊ ओरोझ म्हणाला, आणि त्यात कुणाला काही खोट काढता आली नाही. मग मीच पुढे झाले. हँडलला काळं कापड बांधलं. सीटवर सालकिनने विणलेली लोकरीची झूल होती, तिच्या झालरी कात्रीने कापून टाकल्या, शेपटी कापावी तशा. सालकिन बाजूला उभी राहून बघत होती. तिने हूं की चूं केलं नाही. मला वाटलं, बरी रीतीभातीची बाई आहे.

आता गाडी कापून वाढायची कशी? तेही ओरोझने सोडवून टाकलं. नदीपलीकडच्या गावातल्या एका गवंड्याला गाडी हवी होती. जेवणाच्या आदल्या दिवशी त्याने एक धष्टपुष्ट घोडी आणून द्यायची, गाडी न्यायची, आणि घोडी आपण कापायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. सालकिनला कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते तेव्हा सुचलं नाही.

माझी ओळख द्यायची तर मी कलिपा. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसले. लोक म्हणतात, खिडकीत बसून बसून माझा स्वभाव तिखट झाला. तो आधीपासूनच तसा होता, नाहीतर लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी मी नवऱ्याचं घर सोडून आले नसते. तेव्हापासून माहेरच्या शेजारीच राहते, मधे फक्त एक कुंपण. रीत म्हणजे रीत, असं म्हणणारी गावात एकच बाई होती, ती मी. म्हणून तर कात्री माझ्या हातात दिली होती.

जून लागला की आमचं गाव रिकामं होतं. मेंढ्या, घोडे, मुलंबाळं, लोकरीच्या नमद्याचे तंबू, सगळं वरच्या कुरणांवर जातं ते ऑगस्टअखेर खाली येतं. त्या वर्षी आम्ही तिघी मागे राहिलो. आईला ब्याऐंशी वर्षं, गुडघे गेलेले, ती कुठे हलणार? सालकिन दुखवट्यात, आणि मी त्या दोघींसाठी. आईला घोडीचं दूध आंबवून प्यायची सवय, म्हणून ती एक घोडी आणि तिचं शिंगरू खाली ठेवलं होतं.

रिकाम्या गावात राहून बघितलंय कधी? पॉप्लर झाडांचा कापूस उडत असतो, दिवसभर, हळूहळू, आणि झाडायला कुणी नसतं. तो उंबऱ्यांशी साठतो, बंद दारांच्या कड्यांवर बसतो. दुपारी आपल्याच पावलांचा आवाज ऐकून आपण मागे वळून बघतो. त्या दिवसांत मला झोप आणि जाग यांतला फरक नीटसा कळत नव्हता. एशिम आत्ता फाटकातून आत येईल असं वाटायचं, आणि त्यात दुःखही वाटायचं नाही. नुसतं वाटायचं, आणि मी चहाला पाणी जास्त ठेवायची.

अशाच एका सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर दूध काढायला गोठ्यात गेले तर घोडी नाही, शिंगरू नाही. छपरीचं दार सताड उघडं. गाडी नाही. काळं कापड मात्र खुंटीवर नीट घडी करून ठेवलेलं.

चोर कापडाच्या घड्या करत नाहीत. मी चाकाच्या खुणांवरून निघाले. खुणा उतारावरून खाली नदीकडे गेल्या होत्या, जिथे पात्र रुंद आहे आणि गोट्यांचं मैदान पसरलंय. सूर्य अजून डोंगराआड होता. पाण्यावरून धुकं वर येत होतं, आणि त्या धुक्यात माझ्या भावाची गाडी गोल गोल फिरत होती.

क्षणभर मला तो एशिमच वाटला. मग मला काळा झगा दिसला, काळा रुमाल दिसला, आणि मला राग आला. सालकिन होती. पायात एशिमचे बूट. घोडी आणि शिंगरू कडेला उभी राहून तिच्याकडे बघत होती.

तिने मला पाहिलं, आणि घाबरून गाडी थांबवायला गेली. आता सालकिन कशी बाई, तर चौथ्या वर्षी घोड्यावर बसलेली. तिचा बाप घोडे राखायचा. चौखूर उधळलेला घोडा तिने दोन बोटांनी थांबवलेला मी पाहिलाय. तिने काय केलं? घोडा थांबवतात तेच. मागे रेलली, दोन्ही हातांनी हँडल छातीकडे ओढलं आणि ओरडली, "होऽ! होऽ होऽ!" आणि गाडी सुसाट सुटली. जसजशी ती ओढायची तसतसं उजव्या हाताखालची मूठ मागे फिरायची आणि गाडीला आणखी जोर यायचा. "होऽ गं बाई, होऽ!" म्हणत सालकिन माझ्यासमोरून गेली, विलोच्या झुडपांतून आरपार गेली आणि पाटाच्या पाण्यात जाऊन थांबली.

मी धावले. माझ्या वयात.

"मेलीस का?"

"नाही, वन्सं."

"मग आता मी मारते तुला! दुखवट्यातली गाडी आहे ती, कळतं का? त्याचं वर्ष तरी सरू द्यायचं! लाज नाही वाटली?"

ती कमरेइतक्या पाण्यात बसली होती. रुमाल डोळ्यांवर आला होता. तो वर करून ती म्हणाली, "वन्सं, ओढल्यावर थांबायला नको का हो तिने?"

आणि मला हसू फुटलं. आवरेचना. सप्टेंबरपासून मी हसले नव्हते, सगळं एकदम बाहेर पडलं. सालकिन आधी बघतच राहिली, मग तीही हसायला लागली. दोघी हसत हसत कधी रडायला लागलो तेही कळलं नाही.

"दहा दिवस झाले," ती म्हणाली. "सोडलं की थांबते, हे डोक्याला कळतं. हातांना कळत नाही. हातांना वाटतं, ओढ."

गाडी पाटातून काढायला घोडीला दोर बांधावा लागला. तेव्हा कळलं की रोज ती असंच करायची. जाताना उतारावरून गाडी ढकलत न्यायची, आणि येताना घोडीकडून ओढवून आणायची. घराजवळ गाडी सुरू करायची नाही. आई घरात, तिच्या कानावर तो आवाज गेला असता तर तिचं काय झालं असतं, देवच जाणे. पण एकटीने घोडी हाकायची आणि गाडीचं हँडलही धरायचं म्हणजे फजितीच. त्या दिवशी हँडल मी धरलं. घोडीने ओढलेल्या मोटरसायकलवर बसून, ओल्याचिंब भावजयीच्या मागोमाग, मी, गावातली रीतीभातीची बाई, घरी आले. शिंगरू माझ्या बाजूने उड्या मारत होतं.

घरी आल्यावर काळं कापड मीच परत बांधलं. गाठ मारताना म्हटलं, "का गं? घोडा हवा तर ओरोझ देईल. घोड्यावर तुला कोण अडवतंय?"

ती बूट उलटे करून पाणी काढत होती. म्हणाली, "घोडा आपला आपण चालतो, वन्सं. मी वर बसून विचार करत राहते. आता विचार करून करून डोकं फुटायची वेळ आलीय. हिच्यावर बसलं की विचार करायला सवडच मिळत नाही. हात चुकला की पाण्यात." थोडं थांबून म्हणाली, "आणि सव्वीस वर्षं मी त्या पाळण्यात बसले. तिथून काय दिसतं? त्याचा गुडघा दिसतो, बूट दिसतो आणि धूळ. मला बघायचंय, त्याला काय दिसायचं ते."

 दुसऱ्या दिवशी ओरोझला निरोप धाडायचा असं मनाशी ठरवून झोपले. पण पहाटे कुंपणापाशी सालकिन उभी.

"वन्सं, एक अडचण आहे. पाळणा रिकामा असला की उजवीकडे वळताना तो उचलला जातो. मी त्यात दगड ठेवते, पण दगड घरंगळतात. तुम्ही बसता का?"

"मी काय दगड आहे?"

"दगडापेक्षा जड आहात. आणि घरंगळत नाही."

आता यावर माणसाने चिडावं की नाही? मी चिडलेच. चिडून शाल गुंडाळली आणि जाऊन पाळण्यात बसले.

त्या उन्हाळ्याबद्दल मला नीट क्रमाने काही सांगता येत नाही. रोज पहाट व्हायची, रोज धुकं असायचं, आणि आम्ही दोघी त्यातून जायचो. आधी नुसती गोट्यांच्या मैदानावर चकरा. मग नदीकाठची वाट. जुलैत लाकडी पुलापलीकडे गेलो. मग एक दिवस वरच्या झऱ्याकडे जाणारी सात वळणं, आणि सातही वळणांवर मी डोळे मिटून कलमा पुटपुटत होते. सालकिनचे हात हळूहळू शहाणे झाले. आता ती मूठ सोडायची तेव्हा गाडी सुस्कारा टाकून मंद व्हायची, आणि आजूबाजूचं सगळं एकदम ऐकू यायला लागायचं. पाणी, चंडोल, दूरवर कुणाचं तरी कुत्रं.

गवत ओलं असायचं. त्याचा वास पाळण्यात भरून राहायचा. पाळण्यात माणूस जमिनीच्या इतकं जवळ बसतं की पिवळी फुलं कानाशी लागून जातात. वर आभाळ, बाजूला भिंतीसारखी बर्फाची रांग, आणि आपण काहीही न करता त्यातून नेले जातोय. मी आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं इकडून तिकडे पाठवली. मला स्वतःला कुणी कुठे नेलं नव्हतं. हे मला तिथे, अठ्ठावन्नाव्या वर्षी, पाळण्यात बसून कळलं, आणि मला स्वतःची फार दया आली.

एके दिवशी धुकं इतकं दाट होतं की पुढचं चाक दिसेना. गाडी सावकाश चालली होती. मला डुलकी लागली असावी. डोळे उघडले तर शेजारी एशिमचा बूट, वर गुडघा, आणि त्याच्या वर सगळं पांढरं. इतकी साधी गोष्ट होती की मला नवलही वाटलं नाही. मी म्हणाले, "एशिम, आईला थंडी वाजतेय, आपण परत जाऊ या का?"

गाडी थांबली.  इंजिन चालूच होतं.

"तुम्हाला इथून तो दिसतो," सालकिन म्हणाली. "मला वाटलं होतं, इथे वर बसले की मलाही दिसेल. नाही दिसत, वन्सं. इथे बसलं की मीच असते. हात माझे, रस्ता माझा. इतकं बरं वाटतं की मग लाज वाटते. नवरा जाऊन वर्ष झालं नाही आणि मला बरं वाटतंय."

मला तिला जवळ घ्यायचं होतं. पण पाळण्यातून उठणं हे माझ्या गुडघ्यांना जमणारं काम नाही. मी तिच्या बुटावर हात ठेवला. "बरं वाटतंय तर वाटू दे की," मी म्हणाले. जन्मात मी कुणाला असं काही म्हटलं नव्हतं.

त्यानंतर मला रात्री झोप लागायची ती पहाटेच्या ओढीने. खोटं का बोलू, मीच तिच्याआधी कुंपणाशी उभी राहायला लागले.

ऑगस्ट सरला. डोंगरावरून मेंढ्या खाली आल्या, धुरांडी पेटली, गावात माणसांचा गलका झाला. गाडी छपरीत गेली. मी कापड शेवटचं बांधलं, आणि सालकिनने कापलेल्या झालरींवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसून काढला.

वर्षाच्या जेवणाची तयारी सुरू झाली. अंगणात पांढऱ्या नमद्याचा तंबू उभा राहिला, बायका तेलात बोर्सोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळायला बसल्या, दूरदूरचे नातेवाईक येऊन टेकले. त्या गर्दीत सालकिनने मला चहाच्या समोवारापाशी गाठलं.

"वन्सं, उद्या कुणाला काही सांगू नका. माझं नाव जाईलच, तुमचंही जाईल. तुमची आयुष्यभराची पत आहे गावात. जाऊ दे गाडी. मी चालवली, झालं. पुष्कळ झालं."

"अगं पण..."

"मी घोड्यावर बसेन," ती म्हणाली आणि चहा ओतायला लागली. कप भरून वाहिला तरी तिचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गवंडी आला. मागे दोरीला बांधलेली काळी घोडी, चांगली पुष्ट. ओरोझने छपरीतून गाडी अंगणात काढली. सगळे भोवती जमले. आमच्यातले सर्वांत वडीलधारे माम्बेत आजोबा काठी टेकत पुढे आले. त्यांनी कापडाची गाठ चाचपली. रीतीप्रमाणे एकदा विचारायचं असतं, म्हणून विचारलं, "वर्षात हिच्यावर कुणी बसलं नाही ना? कलिपा, कापड तू बांधलंस, तू सांग."

'नाही' म्हणायचं. एक शब्द. तोंडात तयार होता. मी सालकिनकडे बघितलं. ती समोवाराचं झाकण हातात धरून उभी होती आणि गाडीकडे बघत होती. गवंड्याने सीटवरून हात फिरवला, गुरं तपासतात तसा, आणि मला तो हात मुळीच सहन झाला नाही.

"बसलंय," मी म्हणाले.

"कोण?"

"मी बसले. उन्हाळाभर बसले. रोज."

तेलातले बोर्सोक करपायला लागले, पण कुणी झारा उचलला नाही. ओरोझ लालबुंद झाला. "तू? तुला साधी सुईत दोरा ओवता येत नाही आता, तू मोटरसायकल चालवलीस?"

"मी बसले म्हणाले. चालवली कुठे म्हणाले?"

"मग चालवली कुणी?"

 माझं माझ्यापुरतं सांगून झालं होतं. समोवाराचं झाकण खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी," सालकिन म्हणाली.

बायकांनी तोंडावर रुमाल धरले. कुणीतरी "काय बाई हे!" म्हणालं. ओरोझची बायको पुटपुटली, "नवऱ्याचं कफन वाळलं नाही अजून." सालकिन पुढे आली. म्हणाली, "वर्ष सरायच्या आत चालवली, आजोबा. मला आवडलं म्हणून चालवली. नावं ठेवायची तर मला ठेवा, वन्सं नुसत्या पाळण्यात होत्या."

"खोटं बोलताहेत दोघी," ओरोझ म्हणाला. "गाडी ठेवून घ्यायचीय म्हणून नाटक. अहो, ही गाडी सुरू करताना एशिमला घाम फुटायचा. ही बाई काय सुरू करणार?"

"मग सुरू करू दे," माम्बेत आजोबा म्हणाले. "सुरू झाली तर तिची. दोष पण तिचा. आणि मग कापायची घोडी, ओरोझ, तू तुझ्या कळपातून आणायचीस."

सालकिनने कापडाची गाठ सोडली. झगा थोडा वर खोचला. पहिली लाथ मारली, काही नाही. दुसरी, काही नाही. गवंडी हसला. तिसऱ्या लाथेला गाडी खोकली, हादरली आणि सुरू झाली.

 त्या आवाजाला अख्खं गाव ओळखत होतं. कुणाची गाय अडली की तोच आवाज यायचा, पोराला ताप भरला की तोच यायचा, कारण औषधाची पेटी त्याच्याचकडे असायची. वर्षभर तो आम्हा दोघींशिवाय कुणाच्या कानावर पडला नव्हता. ओरोझ इतका वेळ तावातावाने उभा होता, त्याने एकदम टोपी काढली आणि तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलताना मी पाहिले. मोठा भाऊ आहे शेवटी.

घराचं दार उघडलं. आई.

ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती वर्षभर खाटेवरून फारशी उठली नव्हती. आता हे आपण काय करून बसलो, असं मला वाटलं. आईने गाडीकडे बघितलं. मग गाडीवर कोण आहे ते बघितलं, बराच वेळ. सालकिन गाडी बंद करायला वाकली.

"बंद करू नकोस," आई म्हणाली.

एकेक पाऊल टाकत ती अंगण ओलांडून आली. कुणी हात द्यायला धावलं तर तिने झटकला. पाळण्यापाशी येऊन माझ्याकडे वळली. "बसव मला ह्यात."

"कुठे जायचंय, आई?"

"एशिमकडे."

आमच्या बायका माती द्यायला जात नाहीत. तंबूत बसून रडतात आणि पुरुष घोड्यांवरून टेकडीवर जाऊन येतात. पुढे कधी एखादी जाते. पण आईचे गुडघे घोड्यावर चढू देत नव्हते, आणि तिने कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून आम्ही कुणी विचारलंच नाही. पोटच्या पोराची कबर तिने पाहिली नव्हती.

माम्बेत आजोबा म्हणाले, "अगं, आज पाहुणे आहेत, उद्या जेवण आहे. नंतर सावकाश..."

"ब्याऐंशी झाली मला," आई म्हणाली. "नंतर कधी?"

ओरोझनेच तिला उचलून पाळण्यात ठेवलं. माझी शाल तिच्या पायांवर पांघरली आणि फाटक उघडायला गेला. पाळणा भरला होता, म्हणून मी सालकिनच्या मागे सीटवर चढले, कशी चढले ते विचारू नका, दोघा पुतण्यांना विचारा. मी तिच्या कमरेला मिठी मारली. गावभर लोक दारात उभे होते. कुणी हसलं नाही, कुणी नावं ठेवली नाहीत. ठेवली असतील तर इंजिनाच्या आवाजात ती आम्हाला ऐकू आली नाहीत.

टेकडीची वाट खडी होती. सालकिन अगदी सावकाश चढवत होती. आईने एक हात वर करून तिच्या गुडघ्यावर ठेवला होता आणि तो वाटभर काढला नाही. वर वारा होता, वाळलेलं गवत होतं, मातीच्या ढिगाला दगडांची कड होती. सालकिनने गाडी कबरीच्या अगदी जवळ नेली, पाळण्यातून आईचा हात मातीला लागेल इतकी. मग किल्लीकडे हात नेला.

"राहू दे," आई म्हणाली. "चालू राहू दे. त्याला कळू दे कोण आलंय ते."

सालकिनने गाडी बंद केली नाही. पेट्रोल संपेपर्यंत आम्ही तिघी तिथे बसून होतो.